वेबसाइट चालू, मेल बंद! डोमेनच्या नोंदींमध्ये आपण कुठे फसतो?

(या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग माझ्या एका चुकीवर आहे. मुद्दाम सांगतोय, कारण हीच चूक तुमच्यापैकी कुणीतरी काका-मामा-मावशीच्या धंद्याची वेबसाइट करताना करणार आहे. घरात एक जण कॉम्प्युटरचं शिकला की सगळ्यांच्या वेबसाइट त्याच्याच गळ्यात पडतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

माझे मामा सांगलीत बेदाण्याचे व्यापारी, मी साताऱ्यात. त्यांची जुनी साइट मोबाइलवर नीट दिसत नव्हती, म्हणून दिवाळीच्या तोंडावर मी नवीन करून दिली. नवीन होस्टिंग घेतलं. तिथे सूचना होती, ‘डोमेनचे नेमसर्व्हर बदला आणि हे दोन टाका’. मी घरी बसून टाकले. संध्याकाळपर्यंत नवी साइट दिसायला लागली. मामांनी फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली, सगळ्यांनी अंगठे दिले. विषय संपला, असं मला वाटलं.

चार दिवसांनी मामांचा फोन. “अरे, मेल येईनात बघ. बाजार थंड आहे म्हणावं, तर फोन चालू आहेत.” मी म्हटलं, “मामा, तुम्ही मला एक मेल पाठवून बघा.” तो आला. मी उलट उत्तर दिलं, तर ते लगेच परत आलं. असा कुणी वापरकर्ता इथे नाही म्हणे!

त्या चार दिवसांत दिल्लीच्या एका जुन्या ग्राहकाने भाव विचारला होता. त्यांचाही मेल असाच परत गेला. त्यांना वाटलं, पेढी बंद केली की काय. त्यांनी माल दुसरीकडून उचलला. सणाआधीची ऑर्डर गेली. मामा मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दप्तर कुणाकडे आहे?

आधी मुळातलं बघू. इंटरनेटवरची मशीन एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात, आपण नावाने. नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ती १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आखली. त्याआधी सगळ्या नावांची एकच फाइल असायची आणि सगळे तीच उतरवून घ्यायचे. नेटवर्क वाढलं तसं ते झेपेना.

आता हे आपल्या भाषेत. तुमचं डोमेन म्हणजे जमीन समजा. जिथून डोमेन विकत घेतलं तो रजिस्ट्रार. तिथे मालक कोण आणि या जमिनीचं दप्तर कुठल्या तलाठ्याकडे आहे, एवढं लिहिलेलं असतं. तो तलाठी म्हणजे नेमसर्व्हर. प्रत्यक्ष नोंदी त्याच्याच दप्तरात असतात. वेबसाइट कुठे आहे, मेल कुणाकडे द्यायचा, मामांच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कुणाला, हे सगळं तिथेच.

मी नेमसर्व्हर बदलले म्हणजे काय केलं? तलाठी बदलला. नव्याकडचं दप्तर कोरं होतं, त्यात नव्या वेबसाइटची तेवढी एक नोंद. जुन्या दप्तरातल्या नोंदी आपोआप नव्यात येत नाहीत. त्या आपणच उतरवायच्या असतात. मी उतरवल्या नव्हत्या.

गैरसमज १ : वेबसाइट आणि मेल एकच

नाव एकच आहे, पण नोंदी वेगळ्या. वेबसाइटचा पत्ता सांगते ती ‘ए’ नोंद. मेल कुठे टाकायचा ते सांगते ‘एमएक्स’ नोंद. गंमत म्हणजे एमएक्सचे नियम १९८६ चे आहेत, वेबसाइट ही गोष्टच नव्हती तेव्हाचे. मार्केट यार्डात दुकान एका गाळ्यात आणि टपाल दुसरीकडे घेता येतं ना, तसंच. दुकानाची पाटी हलवली म्हणून टपालाचा पत्ता बदलायचं कारण नाही.

मग मेल परतच का गेला, नुसता अडकून का नाही राहिला? ऐका. एमएक्स नोंद सापडलीच नाही तर पाठवणारा सर्व्हर ‘ए’ नोंदीच्या पत्त्यावर मेल देऊन बघतो. हा जुना नियम आहे. त्या पत्त्यावर होतं नवं होस्टिंग. त्याला मामांचं मेल खातं माहीतच नाही, म्हणून त्याने ठाम नकार दिला. सर्व्हर नुसता बंद असता तर पाठवणाऱ्याने मेल राखून ठेवला असता आणि साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न केला असता. चुकीच्या दारातून आलेला स्पष्ट नकार हा बंद दारापेक्षा महाग पडतो.

आणि मामांचे मेल जात का होते? कारण पाठवताना त्यांचं ॲप थेट मेल सेवेशी बोलतं, तिथे एमएक्सचा संबंध नाही. म्हणून ही खूण लक्षात ठेवा : मेल जातात पण येत नाहीत, तर आधी एमएक्स बघा.

गैरसमज २ : ‘थांबा, पसरायला ४८ तास लागतात’

हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. खरं तर काहीच पसरत नसतं. प्रत्येक उत्तरासोबत एक मुदत येते, तिला टीटीएल म्हणतात. ती सेकंदांत असते. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. ज्याने एकदा विचारलं तो उत्तराची झेरॉक्स तेवढा वेळ वापरतो, मुदत संपली की पुन्हा विचारतो. बस.

मग ४८ तास आले कुठून? डॉट कॉमच्या वरच्या दप्तरात नेमसर्व्हर कोण, या उत्तराची मुदत १७२८०० सेकंद आहे, म्हणजे दोन दिवस. ती तुमच्या हातात नाही. पण तुमच्या दप्तरातल्या नोंदींची मुदत तुमच्याच हातात असते. बदल करायच्या आदल्या दिवशी ती ३०० वर आणून ठेवा, मग बदल पाच-दहा मिनिटांत दिसतो. काम झालं की परत वाढवा.

या ४८ तासांचा खरा तोटा वेगळाच आहे. नोंद चुकलेली असते आणि आपण ‘पसरेल’ म्हणून दोन दिवस निवांत बसतो. चुकीची नोंद कितीही थांबलात तरी बरोबर होत नाही.

गैरसमज ३ : सीनेम कुठेही लावता येतो

सीनेम म्हणजे ‘या नावाचं जे काही विचारायचं ते त्या नावाला विचारा’. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ला तो चालतो. पण नुसत्या मूळ नावाला, म्हणजे समजा ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ला, तो लावता येत नाही. का? ‘जे काही’ यात मेलही आला! सीनेम असलेल्या नावाला दुसरी नोंद ठेवता येत नाही, आणि मूळ नावाला तर नेमसर्व्हरच्या आणि मेलच्या नोंदी लागतातच. काही कंपन्या ‘एलियास’ नावाने यावर तोडगा देतात, तो वापरा.

इथेच आणखी दोन चुका होतात. एक, एमएक्समध्ये आकड्यांचा पत्ता टाकणं. तिथे सर्व्हरचं नावच लागतं. दोन, नावाच्या रकान्यात पूर्ण डोमेन टाइप करणं. बरेच पॅनल मागे डोमेन स्वतःच जोडतात, मग नोंद तयार होते ‘मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’ची. ती कुणीच विचारत नाही.

गैरसमज ४ : एसपीएफ दोन टाकले तर दुप्पट सुरक्षा

नाही हो! एसपीएफ म्हणजे माझ्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कुणाकुणाला, याची यादी. एका नावाला यादी एकच. मेल सेवेने एक दिली, बिलं पाठवणाऱ्या ॲपने दुसरी दिली आणि तुम्ही दोन्ही टाकल्या, तर तपासणारा ‘नोंद चुकीची’ म्हणून दोन्ही बाजूला ठेवतो. एकाच ओळीत दोघांना घ्यायचं. त्यातही यादी तपासताना डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावं लागलं, तरी ती चुकीचीच धरतात.

एसपीएफचे दोन भाऊ आहेत. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, आणि ती तपासायची किल्ली तुमच्या दप्तरात. डीमार्क म्हणजे ‘मेल या तपासणीत नापास झाला तर काय करायचं’ ही तुमची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू हे काटेकोर मागतात. जीमेलला पाठवायचं तर एसपीएफ किंवा डीकेआयएम पाहिजेच. दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवत असाल तर तिन्ही पाहिजेत. म्हणून ‘आमची कोटेशन स्पॅममध्ये जातात’ अशी कुणाची तक्रार आली की आधी हे बघा.

जुना पत्ता सोडू नका

आता थोडं मोठं उदाहरण. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. सहकारी बँकाही त्यात आल्या, म्हणजे आपल्या साताऱ्या-सांगलीतल्याही. हे डोमेन हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच मिळतं, ज्याला-त्याला घेता येत नाही. त्यामुळे खोट्या साइट ओळखणं सोपं जावं हा हेतू.

पण नवं डोमेन म्हणजे नवं दप्तर. वेबसाइट, एमएक्स, एसपीएफ, सही, सगळं पुन्हा लिहायचं. आणि जुनं डोमेन नूतनीकरण न करता सोडून द्यायचं नाही! सोडलं तर उद्या दुसरा कुणी ते विकत घेईल, स्वतःची एमएक्स नोंद लावेल, आणि जुन्या पत्त्यावर येणारे मेल त्याच्याकडे जातील. बँकेचं सोडा, तुमच्या मामांच्या दुकानालाही हेच लागू आहे.

मी काय करायला हवं होतं?

मामांच्या साइटसाठी नेमसर्व्हर बदलायची गरजच नव्हती. जुन्या दप्तरात ‘ए’ नोंद तेवढी बदलली असती, तर मेलला धक्काही लागला नसता. नशिबाने जुन्या पॅनलचं खातं चालू होतं. तिथून सगळ्या नोंदी बघून नव्यात उतरवल्या आणि मेल यायला लागले. गेलेले मात्र गेले.

तर मंडळी, डोमेनला हात लावण्याआधी एवढं करा. जुन्या पॅनलमधल्या प्रत्येक नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या. नेमसर्व्हर बदलायचेच असतील तर नव्या दप्तरात आधी सगळं लिहा, मग तलाठी बदला. बदलल्यावर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ‘डीएनएस डॉट गूगल’ उघडा, डोमेन टाका, प्रकार एमएक्स निवडा आणि उत्तर बघा. मग दुसऱ्या खात्यावरून एक मेल त्या पत्त्यावर पाठवा आणि तिकडून उत्तर मागवा. नुसती साइट उघडली म्हणजे काम झालं असं नाही.

आणि रजिस्ट्रारचं खातं कुणाच्या नावावर आहे ते आजच विचारा. वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर असेल, तर जमीन तुमची आणि सातबारा दुसऱ्याचा अशी गत. मामांचं तसंच होतं. ते आता त्यांच्या नावावर केलंय, पासवर्ड त्यांच्या डायरीत आहे, आणि पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर.

तुमचं असं काही बिघडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर, नोंदी तपासा. भेटू!