गोपेनश्टाइनला गाडी थांबते

बर्न : स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर युंगफ्राउचं तिकीट येतं आणि बर्फातली शिफॉनची साडी. हिंदी सिनेमाचे हे उपकार इथलेही विसरलेले नाहीत. इंटरलाकेनमध्ये यश चोप्रांचा चक्क पुतळा आहे. त्यामुळे फेब्रुवारीत आम्ही स्कीला लोत्शेनटालच्या दरीत जाणार म्हटल्यावर घरून पहिला प्रश्न आला, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" काही नाही, म्हणूनच चाललोय.

शांतता आम्हाला नवी नाही. आमचं चांदनी इटारसी–भुसावळ मेन लाइनवर, सातपुड्यात. दिल्ली-मुंबईच्या गाड्या शिट्टी मारत, धुरळा उडवत निघून जातात. एक्स्प्रेस धरायची तर बुऱ्हाणपूर नाही तर खंडवा गाठा. शेजारच्या नेपानगरला कागद कारखान्याच्या पुण्याईने काही गाड्या थांबतात. १९५६ साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द नेहरू आले होते. आमच्याकडे कोण येणार?

लोत्शेनटालचं स्टेशन गोपेनश्टाइन. १९१३ साली डोंगर पोखरून इथून लोहमार्ग काढला. त्या कामात १९०८ मध्ये बोगद्यात वरून नदी घुसली आणि पंचवीस मजूर गेले. पुढे २००७ मध्ये खालून साडेचौतीस किलोमीटरचा नवा बोगदा झाला आणि जलद गाड्या तिकडून जाऊ लागल्या. म्हणजे गोपेनश्टाइनची चांदनीच व्हायला हवी होती. झाली नाही. बर्नहून ब्रिगला जाणारी साधी गाडी तासातासाला थांबते आणि स्टेशनबाहेर पोस्टाची पिवळी बस उभी असते. गाडी चार मिनिटं लेट असली तर ड्रायव्हर थांबतो, आणि त्याबद्दल प्रवाशांची माफीही मागतो! अख्ख्या दरीची वस्ती जेमतेम दीड हजार. आमच्याकडे एवढी पंगत एका लग्नात उठते. आणि चांदनीला? जाऊ द्या, रक्तदाब वाढतो.

हे सगळं फुकट मिळत नाही. किंमत म्हणजे आगाऊपणा. फेब्रुवारीत घसरायचं तर ऑक्टोबरात खोली ठरवायची. सुटीचे फ्लॅट हंगामात शनिवार ते शनिवारच मिळतात. बुधवारी येतो म्हणालात तर मालकीणबाई नुसत्या बघत राहतात. त्यात शाळांच्या 'क्रीडा-सुट्या' कँटनागणिक वेगळ्या. मूळ कारण ऐकून हसू आलं : दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई होती, वर्ग तापवायला नको म्हणून हिवाळ्यात शाळा बंद ठेवल्या. लढाई संपली, कोळसा आला, सुटी मात्र कुणी परत केली नाही. आपल्याकडे थंडीची सुटी आदल्या संध्याकाळी कलेक्टरसाहेब जाहीर करतात आणि पोरं दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेच्या बंद फाटकापर्यंत जाऊन येतात. तरी मजा कुणाला जास्त येते, हे मी इथे लिहीत नाही.

स्की भाड्याने देणाऱ्या माणसाने वय, उंची, वजन, बुटाच्या तळव्याची लांबी विचारली. मग, "किती येतं?" आपला पिंड असा की उत्तर तोंडावरच होतं : "येतं की!" बायकोने कोपर मारलं. त्या उत्तरावरून तो स्क्रूड्रायव्हरने बुटाची पकड घट्ट-सैल करतो. पडल्यावर बूट वेळेवर सुटला नाही तर गुडघा जातो. फुशारकीचा असा रोकडा हिशोब मी आपल्याकडे कधी पाहिला नाही.

हिमस्खलनाचं पत्रक दावोसची संस्था रोज संध्याकाळी पाचला काढते. धोक्याच्या पायऱ्या पाच, आणि सर्वांत जास्त माणसं मरतात तिसरीवर. चौथीला शहाणे घरी बसतात. तिसरी म्हणजे पाचात तीन, साठ टक्के, फर्स्ट क्लास, असं बहुधा इथल्यांनाही वाटत असावं.

घरच्यांनी टीव्हीवर पाहिलेलं ब्लाटेन याच दरीचं. २८ मे २०२५ ला बिर्च हिमनदी कोसळली आणि गाव गाडलं गेलं. पण तीनेकशे माणसं नऊ दिवस आधीच, गाईगुरांसकट बाहेर काढलेली होती. एक माणूस गेला. आम्ही उतरणार ते वीलर खालच्या अंगाला. तिथून रोपवे लाउखर्नआल्पला जातो आणि पुढे वर ३,१११ मीटरवरच्या होकनहोर्नग्राटपर्यंत बर्फ. आईला हे सगळं नीट समजावलं. ती म्हणाली, "बरं, पण स्वेटर घाल."

आता इथला एक सहकारी चांदनीला यायचं म्हणतोय. त्याला असीरगड बघायचाय. परवा वही उघडून बसला : स्टेशनवर उतरल्यावर पुढची बस किती वाजता? बस नाही, म्हटलं, मामा येईल घ्यायला.

"मामा किती वाजता?"