मास्क लावला की चष्म्यावर धुकं का?

गरम चहाचा कप तोंडाशी नेला की चष्मा धूसर होतो. मास्क लावल्यावरही तेच, फक्त वाफ आपल्याच श्वासाची. उच्छ्वास साधारण 34 अंश सेल्सिअसचा आणि बाष्पाने भरलेला. मास्क नाकाच्या दोन्ही बाजूंना नीट बसला नाही, तर उच्छ्वास तिथल्या फटीतून सरळ वर जातो. काच थंड असली की बाष्पाचे बारीक थेंब तिच्यावर धरतात. (नागपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी रस्त्यावर, काचच तापलेली, तिथे हा त्रास नाही.) थेंब पारदर्शकच, पण प्रत्येक थेंब प्रकाश वेगळीकडे वळवतो, म्हणून समोरचं सगळं पांढुरकं दिसतं.

काचा साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता वाळवल्या, तर पाणी थेंब न धरता सपाट पसरतं आणि आरपार दिसतं. ब्रिटनमधल्या शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात 2011 मध्ये हा उपाय छापून आला होता.

वैतागून नाक उघडं ठेवणारे पुष्कळ. गर्दीच्या दवाखान्यात मास्क लावायचा की नाही, हे आपापली तब्येत आणि घरातली म्हातारी माणसं पाहून ठरवावं. पण लावलाच, तर नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. चष्म्यावर धुकं येतंय, म्हणजे हवा कापडातून गाळली न जाता फटीतून ये-जा करते आहे.