गच्चीवरची बाटली खाली आली

"आई, बाबांच्या मित्रांचं गच्चीवर असं काय असतं, की मला भजी द्यायलासुद्धा वर जायचं नाही?"

आमच्या आठवीतल्या चिरंजीवांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा माझा तिसरा घाणा कढईत होता. "मोठ्यांच्या गप्पा असतात," असं काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं, की त्याला सगळं ठाऊक होतं. आपण खोटं बोललो, एवढंच काय ते त्याला नव्यानं कळलं.

मैत्रिणींनो, विषय वाचून नाकं मुरडू नका. महिन्या-दोन महिन्यांनी मित्र जमायचे, पुरुषमंडळी वर आणि आम्ही बायका खाली तळण तळत, हे चित्र अनेक घरांत आहे. वर किती झालं, हे आपल्याला जिन्यावरच्या पावलांवरून ओळखायचं! माझ्या माहेरी तर बाटलीचं नावही काढायचं नसे. आई मात्र वडील कामावर गेले की कपाटातली बाटली काढून लेबलावर पेन्सिलीनं बारीक रेघ ओढून ठेवायची. संध्याकाळी ती रेघ आणि वडील, दोन्ही बघायची. त्या मोजणीनं वडिलांचं पिणं एका थेंबानं कमी झालं नाही. आईची झोप तेवढी गेली.

म्हणून यंदा ह्यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी ठरवलं, की जे काही व्हायचं ते खाली, दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर आणि मोजून. हे म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील?" म्हटलं, "अहो, तुमचं गच्चीवरचं हसणं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. लोकांचं काय घेऊन बसलात!"

आता करायचं काय? मी एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. क्यूबा म्हणजे ऊस, हे मुलांकडून घोकून घेतलेलं. त्याच क्यूबात सांतियागो शहराजवळ दायकिरी नावाचं गाव आहे. तिथं लोखंडाच्या खाणी होत्या. १८९८च्या जूनमध्ये स्पेनशी लढायला आलेलं अमेरिकन सैन्य याच किनाऱ्यावर उतरलं. त्या सुमारास खाणीवरच्या जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं रम, लिंबू आणि साखर यांचं पेय पाहुण्यांना दिलं आणि त्याला गावाचं नाव पडलं, असं सांगतात. १९०९ साली नौदलातल्या एका डॉक्टरांनी ते वॉशिंग्टनला नेलं. पुढे हवानाच्या फ्लोरिदिता बारमध्ये लेखक हेमिंग्वे साखर वगळून आणि रम दुप्पट घालून ते घेत. हे माप मात्र आपल्या कामाचं नाही!

खरं सांगायचं तर यातली एकही वस्तू आपल्याला परकी नाही. लिंबू आणि ऊस दोन्ही मूळचे आपल्या आशियाकडचे. कोलंबसाच्या १४९३च्या दुसऱ्या सफरीबरोबर ते तिकडे गेले. तिथलं बारीक, पातळ सालीचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. आणि रम होते मळीपासून. आमच्या कोल्हापूर भागात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की तो मळीचा वास ओळखीचाच असतो. लिंबाच्या सरबताचा ज्यांचा हात बसलाय, त्यांना दायकिरी अवघड नाही. आंबट-गोडाचा तोल तोच.

मूळ पद्धतीत एका ग्लासाला ६० मिली रम घेतात. मी सगळंच निम्मं केलं. माप म्हणून खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते रेघांचं टोपण स्वच्छ धुऊन घेतलं.

साहित्य (दोन लहान ग्लासांसाठी) : पांढरी रम ६० मिली, कागदी लिंबाचा ताजा रस ३० मिली (दोन-तीन लिंबं लागतात), साखरेचा पाक २० मिली, आणि मूठ-दोन मूठ बर्फ.

कृती : साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन साखर विरघळेपर्यंतच गरम करा. तार येऊ देऊ नका. पाक पूर्ण गार करा. ग्लास अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. घट्ट झाकणाच्या रुंद तोंडाच्या बरणीत रम, रस, पाक आणि शेवटी बर्फ घाला. झाकण लावून, बरणी फडक्यात धरून, पंधरा सेकंद जोरात हलवा. बाहेरून दव धरलं की झालं. लगेच गाळून ग्लासात ओता. बर्फ ग्लासात जाऊ देऊ नका.

चार गोष्टी माझ्या चुकांतून शिकलेल्या सांगते. लिंबू फार दाबून पिळू नये, सालीचा कडवटपणा उतरतो. रस आयत्या वेळी काढावा, सकाळचा रस संध्याकाळी मवाळ लागतो. बर्फाचा ट्रे फ्रीजमध्ये झाकून ठेवावा, नाहीतर पेयाला लसणीच्या चटणीचा वास येतो (माझ्या पहिल्या खेपेला आला!). आणि चहाची रोजची गाळणी वापरू नये. काळी रम घेतली तर तिची चव लिंबावर चढते, म्हणून पांढरीच बरी.

हेच सगळं रमशिवाय, रमऐवजी गार पाणी आणि आल्याच्या रसाचे दोन थेंब घालून, तेवढ्याच ग्लासांत मी वेगळ्या ट्रेमध्ये केलं. दोन्ही ट्रे शेजारी शेजारी ठेवले. कोणी कुठला उचलावा, हे विचारायचं नाही, असं ठरलं होतं.

आई त्या दिवशी आमच्याकडेच होती. म्हणाली, "पोरासमोर कशाला? त्याला सवय दिसेल." मी म्हटलं, "आई, लपवलेलं पोरांना जास्त दिसतं. मला दिसत नव्हतं का?" ती गप्प झाली. माझं बोलणं तिला लागलं, हे मलाही कळलं.

मंडळी आली. मी मुलाला सरळ सांगितलं, "या ट्रेमध्ये दारू आहे, मोठ्यांची. या ट्रेमध्ये सरबत आहे." त्यानं मान डोलावली आणि भजी घेऊन गेला. ह्यांचे एक मित्र स्कूटरवरून आले होते. त्यांनी आपण होऊन सरबत उचललं. एरवी गच्चीवर त्यांचं "नको" कोणी ऐकून घेत नसे. मीही अर्धा ग्लास चाखला. दुसऱ्या फेरीनंतर एकानं ग्लास पुढे केला, तेव्हा मी काही बोलायच्या आत ह्यांनीच बरणी उपडी करून दाखवली. नऊच्या सुमारास सगळे जेवायला बसले. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच भात गरम असताना!

आता थोडं मोकळेपणानं. आपल्या राज्यात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. रमसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण हवीत. तीस मिली रममध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं आणि अमुक एवढी दारू निर्धोक, असं माप नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, यकृताचा त्रास किंवा रोजच्या गोळ्या असणाऱ्यांनी सरबताचाच ट्रे उचलावा. वाहन चालवणाऱ्यानं तर नक्कीच. आणि ज्या घरी कोणाचा हात थांबतच नाही, तिथं हे टोपण उपयोगाचं नाही. तो आजार आहे. त्याला औषधाची, समुपदेशनाची गरज असते. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे. तशा घरच्या मैत्रिणीनं बाटली मोजत बसू नये, मदत मागावी. माझ्या आईला हे सांगणारं कोणी नव्हतं.

रात्री सगळे गेल्यावर आईनं ते टोपण धुतलं, पुसलं आणि कपाटात बाटलीवर उपडं घातलं. म्हणाली, "मी एकटीच मोजायची गं."

बाटली अजून तिथंच आहे, निम्म्याहून जास्त भरलेली. लेबलावर पेन्सिलीची रेघ मात्र मी ओढलेली नाही.