विश्लेषण : ‘बरोलो’ वाइन वर्षानुवर्षे का मुरवतात?

इटलीच्या पीडमाँट प्रांतातील ‘बरोलो’ ही रेड वाइन फक्त नेब्बिओलो द्राक्षांपासून बनते. रंग फिकट, पण चव चांगलीच तुरट. हा तुरटपणा टॅनिनचा. तो निवावा म्हणून नियमानुसार ती किमान ३८ महिने मुरवावी लागते. त्यातील १८ महिने लाकडी पिंपात. ‘रिझर्व्हा’साठी ही मुदत ६२ महिने आहे.

वाद कशावरून?

१९८०च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी मोठ्या जुन्या पिंपांऐवजी फ्रेंच ओकची लहान पिंपे आणली. वाइन लवकर पिण्याजोगी झाली. पण ओकच्या वासात द्राक्षाची ओळख हरवते, असा परंपरावाद्यांचा आक्षेप होता. बार्तोलो मास्कारेल्लो यांनी तर हा निषेध बाटलीच्या लेबलवरच नोंदवला.

साठवण कशी?

अंधाऱ्या जागी, साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअसला, बाटली आडवी ठेवून. त्यामुळे बूच ओले राहते आणि हवा आत शिरत नाही.

उघडावी कधी?

घाई केली तर तुरटपणा जीभ आवळतो. फार उशीर झाला तर फळाचा स्वाद विरतो. म्हणून जाणकार एकाच वर्षाच्या अनेक बाटल्या घेतात आणि काही वर्षांच्या अंतराने एकेक उघडतात. कडेला विटकरी छटा आणि गुलाब-डांबराचा गंध आला, की वाइन मुरली असे मानतात.