फाळक्यांचा नाशिकचा कारखाना

1917 साली दादासाहेब फाळक्यांनी एक छोटा माहितीपट काढला, ‘चित्रपट कसे तयार करतात’. त्याचे काही तुकडे आजही पाहायला मिळतात. त्यांत फाळके स्वतः पडद्यावर येतात. नटांना काय करायचे ते करून दाखवतात, कॅमेऱ्यामागे उभे राहतात, फिल्म हाताळतात. प्रत्येकाने धंद्याची गुपिते मुठीत झाकून ठेवण्याचा तो काळ होता. त्यातून हा गृहस्थ एकेकाळी ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करत असे. आडनाव उलटे फिरवून केलेले हे नाव! तरीही त्याने आपली हातचलाखी लोकांसमोर उलगडून ठेवली, आणि त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात ‘भारतीय चित्रपट’ ही लेखमालाही लिहिली. हा धंदा देशात रुजायचा तर तो कसा करतात हे चार लोकांना कळले पाहिजे, असा त्यामागचा हिशेब.

फाळक्यांना आपण ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ म्हणतो. एवढे मोठे बिरुद लागले की माणसाचा पुतळा होतो आणि त्याचे हात दिसेनासे होतात. त्यांचा नाशिकचा स्टुडिओ समजून घ्यायचा तर त्या हातांपासूनच सुरुवात केली पाहिजे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलगा मात्र 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात. तिथे चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि मातीकाम शिकला. त्यानंतरची वीस वर्षे धरसोडीची वाटतात. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नकाशे आणि फोटोंची नोकरी धरली, स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली. रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईशी संबंध आला, तिरंगी छपाईचे ब्लॉक केले, लोणावळ्याला छापखाना घातला, तो मुंबईला नेला, जर्मनीला जाऊन नवी यंत्रे पाहिली आणि भागीदारांशी पटेना म्हणून तेही सोडून दिले. नातेवाईकांना ही उनाडकी वाटली असेल. चित्रपटासाठी मात्र यातले काहीच वाया गेले नाही. पडदे रंगवणे हे चित्रकाराचे काम, मूर्ती आणि मुखवटे घडवणे मातीकामाचे, फिल्म धुणे फोटोग्राफरचे आणि माणूस क्षणात अदृश्य करणे जादूगाराचे. चौघेही एकाच अंगरख्यात होते.

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण दिसले पाहिजेत, असे त्यांनी मनाशी धरले. विमा पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. येताना विल्यमसन कंपनीच्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याची आणि फिल्मला भोके पाडण्याच्या यंत्राची जुळवाजुळव करून आले. या दुसऱ्या यंत्राकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या काळी कच्ची फिल्म कोरी, बिनभोकांची मिळे. कॅमेऱ्यातले दाते फिल्म पुढे ओढतात ते कडेच्या भोकांत अडकून, त्यामुळे भोके आधी पाडून घ्यावी लागत, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोके, म्हणजे फुटाला 128. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी 3,700 फूट होती. एका प्रतीचाच हिशेब केला तरी पावणेपाच लाखांच्या आसपास भोके झाली. बिघडलेली फिल्म आणि पुढच्या प्रती वेगळ्याच.

हे काम फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंकडे होते. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरणात उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड फेकणे, आणि रात्री मुले झोपली की भोके पाडणे, फिल्म धुण्याची रसायने कालवणे. ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीची भूमिका करायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. त्या कोणत्या कामात गुंतल्या होत्या हे पाहिले की तो नकार पटतो.

भांडवल उभे करण्यासाठी फाळक्यांनी नमुना दाखवला तो एका अंकुराचा. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसवला आणि ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपली. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, आणि त्याच वर्षी फाळक्यांनी दादरचा पसारा आवरून नाशिक गाठले.

नाशिकची निवड भावनेपोटी झाली असे म्हणणे सोपे आहे. घर जवळ होते हे खरेच, पण कारण धंद्याचेही होते. विजेच्या दिव्यांवर नव्हे, सूर्यावर चालणारा हा उद्योग. त्याला मोकळी जागा हवी होती, आणि पौराणिक कथांना लागणारे घाट, देवळे, लेणी, डोंगर नि नदी नाशिकला दारातच मिळत. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंका दहन’ हे सगळे इथे घडले. पंचवटीच्या गावात सीताहरणाची कथा चित्रित होत होती. आवारात शंभराच्या आसपास माणसे राबत, जेवण एकत्र, शिस्त कडक. त्याआधी दादरला ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी हाताखालच्यांना फाळके बाहेर सांगायला लावत, ‘आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहोत’, कारण ‘नाटक-सिनेमात’ म्हटले की लोक तोंड फिरवत. परेश मोकाशी यांच्या 2009 च्या चित्रपटाला नाव मिळाले ते त्यातूनच.

कारखान्यातले काम किती बारीक होते, हे ‘श्रीकृष्ण जन्म’ (1918) मधल्या एका दृश्यात दिसते. भयाने पछाडलेल्या कंसाचे डोके धडापासून सुटते, वर जाते आणि पुन्हा जागेवर येऊन बसते. आज संगणकावर हे तासाभरात होईल. तेव्हा अशा दृश्यासाठी तीच फिल्म दोनदा वापरत. आधी चौकटीचा एक भाग काळ्या कापडाने झाकून चित्रण करायचे, मग भिंग बंद करून फिल्म मागे गुंडाळायची आणि उरलेल्या भागावर दुसरे चित्रण करायचे. कॅमेऱ्याची मूठ एका फेऱ्यात आठ चौकटी पुढे नेई. फेऱ्यांची मोजणी एकाने चुकली तरी डोके मानेवर नीट बसत नसे. आणि चुकले हे कळायचे ते फिल्म धुतल्यावर! यात प्रतिभा होतीच, पण तिच्या तोडीला तोड होती ती मोजदाद.

माणसांशीही त्यांचे काम असेच हाताने घडवायचे. उपाहारगृहात आचारी असलेल्या अण्णा साळुंक्यांना त्यांनी तारामती केले, आणि ‘लंका दहन’मध्ये त्याच साळुंक्यांकडून राम आणि सीता दोन्ही भूमिका करवून घेतल्या. ‘कालिया मर्दन’ (1919) ची सुरुवात तर जवळजवळ धडाच आहे. कथा सुरू होण्याआधी कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी नुसते चेहऱ्यावरचे भाव बदलत राहते. सातएक वर्षांच्या पोरीकडून बापाने करून घेतलेली ही अभिनयाची उजळणी प्रेक्षकांना आधीच दाखवून ठेवली आहे.

यश आले तसे भागीदार आले. 1918 च्या सुरुवातीला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. पण एकाच माणसाने पटकथेपासून भोकांपर्यंत सगळे पाहायचे, ही पद्धत हिशेबवह्यांत बसेना. फाळके चिडून काशीला गेले, ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, 1922 मध्ये परत आले. कंपनी चालू राहिली, तरी घडी पूर्वीसारखी बसली नाही. मग बोलपट आला. आवाजाला ध्वनियंत्रे, ध्वनितंत्रज्ञ आणि बंद स्टुडिओ लागतात. चित्रकार-जादूगाराचे हात तिथे पुरत नाहीत. ‘सेतुबंधन’ (1932) मूक काढला आणि त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला. 1937 चा ‘गंगावतरण’ त्यांचा एकमेव बोलपट, तोही कोल्हापूरच्या कंपनीसाठी. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले.

1969 पासून त्यांच्या नावाने देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो. पहिली मानकरी अभिनेत्री देविका राणी. पुढे मुख्यतः नट, दिग्दर्शक, निर्माते, गायक, संगीतकार यांनाच तो मिळत गेला. निव्वळ छायाचित्रकाराची पाळी आली ती 2008 च्या पुरस्काराने, व्ही. के. मूर्तींच्या रूपात. ज्याच्या कारखान्यात दिग्दर्शक, चित्रकार, छायाचित्रकार आणि रसायने कालवणारा यांच्यात भिंतच नव्हती, त्याच्याच नावाच्या पुरस्काराला कॅमेऱ्यामागच्या माणसापर्यंत पोचायला चाळीसेक वर्षे लागली. अंधारात भोके पाडणारीपर्यंत तो अजून पोचायचा आहे.