मातीतून मॅटवर

कबड्डीचं व्यवस्थापन म्हणजे पूर्वी चुन्याची फक्की, चार खुर्च्या आणि पंचांची शिट्टी. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि हिशेब बदलला. चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर बाद. वेळकाढूपणा आटला, खेळ पडद्यावर रंगला. खरी नवलाई मला कॅमेऱ्यांपेक्षा या घड्याळात दिसते. उद्या चढाईपटूचं प्रत्येक पाऊल संगणक मोजेल. मोजू दे. पण मॅटवर बूट लागतात, पायाची पकडही वेगळी. गावचा मुलगा अनवाणी मातीत घडतो आणि त्याची परीक्षा होते मॅटवर! चार-पाच मंडळांनी मिळून एक मॅट घ्यावी, वार वाटून सराव करावा. सरावानंतर ती गुंडाळायची कुणी, एवढं मात्र आधीच ठरवावं.