स्कॉर्सेसींच्या दिवाणखान्यातली ४९ मिनिटं

‘गुडफेलाज’ (१९९०) पाहिलेल्या माणसाला त्यातलं ते रात्रीचं जेवण विसरता येत नाही. गाडीच्या डिकीत मेला समजून कोंबलेला माणूस आहे, आणि तीन गुंड फावडं न्यायला त्यांच्यातल्या एकाच्या घरी शिरतात. म्हातारी आई जागी होते आणि पोरांना जेवू घातल्याशिवाय सोडत नाही. ती इतकी सहज बोलते की हिला संवाद कुणी लिहून दिले असतील असं वाटतच नाही. ती आई म्हणजे कॅथरीन स्कॉर्सेसी, दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीची सख्खी आई. प्रसंगातलं बरंचसं बोलणं त्यांनी जागच्या जागी रचलेलं आहे.

मुलानं त्यांना विद्यार्थिदशेतल्या लघुपटापासून कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. ‘द किंग ऑफ कॉमेडी’मध्ये तर त्या दिसतही नाहीत, नायकाला हाका मारणारा त्यांचा नुसता आवाज येतो. पण कॅथरीनबाई स्वतः कॅथरीनबाई म्हणूनच नवऱ्याशेजारी बसून बोलतात तो चित्रपट फार थोड्यांनी पाहिला आहे. त्याचं नाव ‘इटालियनअमेरिकन’, साल १९७४, लांबी ४९ मिनिटं.

स्कॉर्सेसीचा ‘मीन स्ट्रीट्स’ तेव्हा नुकताच गाजला होता, ‘टॅक्सी ड्रायव्हर’ अजून दोन वर्षं दूर होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी १९७६ साली येणार होती. त्या निमित्तानं देशात येऊन वसलेल्या निरनिराळ्या समाजांवर सरकारी अनुदानातून एक माहितीपट मालिका आखली गेली आणि इटालियन लोकांचा भाग स्कॉर्सेसीकडे आला. अशा माहितीपटाचा साचा ठरलेला: जुनी जहाजं, बंदरावरची गर्दी, वर भारदस्त आवाजातलं निवेदन. साहित्याचीही वाण नव्हती, कारण १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन, बहुतेक दक्षिणेकडचे गरीब, अमेरिकेत उतरले होते. स्कॉर्सेसीनं तो साचा बाजूला ठेवला. न्यूयॉर्कच्या लिटल इटलीतल्या एलिझाबेथ स्ट्रीटवर आईवडिलांच्या घरी तो कॅमेरा घेऊन गेला आणि त्यांना म्हणाला, बोला.

आता गंमत पाहा. चित्रपट सुरू होतो तेव्हा कॅथरीनबाईंना काय बोलायचं तेच कळत नाही. त्यांचे पती चार्ल्स सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेत, तर त्यांना आधी विचारणा होते, इतके लांब का बसलात? मग मुलगा सॉसबद्दल विचारतो, त्या स्वयंपाकघरात जातात, आणि हात कामाला लागल्याबरोबर जीभ मोकळी होते. इतर कुठल्याही दिग्दर्शकानं ही सुरुवातीची चुळबुळ कापून टाकली असती. स्कॉर्सेसीनं ती ठेवली, आणि प्रश्न विचारणारा मुलगा म्हणून स्वतःलाही चौकटीत राहू दिलं.

एवढ्यानं काय साधतं? निवेदक सांगतो तेव्हा समाज एक गठ्ठा होतो. ‘इटालियन लोक कष्टाळू होते’ हे वाक्य खोटं नाही, पण त्यात माणूस दिसत नाही. इथे नवरा आठवण काढतो, बायको ती दुरुस्त करते, तो पुन्हा आपलंच खरं करतो. या ओढाताणीत पाठ केलेलं गळून पडतं आणि जगलेलं वर येतं. चार्ल्स सांगतात की लहानपणी शेजारच्या ज्यू कुटुंबांकडे जाऊन ते चुली पेटवून देत, कारण शब्बाथच्या दिवशी त्या लोकांना विस्तव पेटवणं वर्ज्य. मोबदल्यात चिल्लर मिळे. एका पोराच्या खिशात पडलेल्या त्या नाण्यांत आख्ख्या वस्तीची रचना सापडते: कोण कुणाशेजारी राहत होतं, कुणाचा धर्म कुणाच्या पोटापाण्याला उपयोगी पडत होता.

ती वस्तीही बघण्यासारखी होती. मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे, एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे, अशी गावाकडची माणसं गावाकडच्यांना धरून राहत. गिरणगावातल्या खोल्यांत एकेका तालुक्याची माणसं एकत्र राहायची, तसंच. चार्ल्सचं घराणं सिसिलीतल्या पोलित्झी जेनेरोझाचं, कॅथरीनचं चिमिन्नाचं. दोघांनीही कपड्यांच्या धंद्यात आयुष्य काढलं, ते इस्त्रीच्या कामावर आणि त्या शिवणावर.

आणि इथेच सांस्कृतिक ओळखीचं कोडं उलगडू लागतं. दोघांचाही जन्म न्यूयॉर्कचा, चार्ल्सचा १९१३चा, कॅथरीनचा १९१२चा. ज्या सिसिलीचे म्हणून ते ओळखले जातात ती त्यांच्या आईवडिलांची. तरीही पाहणाऱ्याला क्षणभर शंका येत नाही की ही माणसं कुठली. ओळख पासपोर्टात नाही, जन्मगावातही नाही; ती सॉस किती वेळ शिजवायचा यावर ठाम मत असण्यात आहे, बोलताना उडणाऱ्या हातांत आहे, मेलेल्या नातेवाइकांबद्दल जिवंत असल्यासारखं बोलण्यात आहे. त्याच वेळी ही माणसं पक्की न्यूयॉर्ककर आहेत. दोन ओळखींची भांडणं लावून एकीला जिंकवण्याचा प्रयत्न चित्रपट करत नाही. त्या एकाच सोफ्यावर बसलेल्या आहेत.

पुढच्या चित्रपटांवर या ४९ मिनिटांची सावली लांबवर पडली. माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात, खाण्यावरून वाद घालतात, मधेच एखादी गोष्ट रंगवून सांगतात, ही स्कॉर्सेसीची खूण इथे उघड्या स्वरूपात दिसते. कॅमेऱ्याच्या कसरती न करताही माणूस पडदा व्यापू शकतो हा धडा आपल्याला याच चित्रपटानं दिला, असं त्यानं पुढे मानलं. आपल्या सर्वोत्तम कामांत तो याची गणना करत आला आहे. आईवडिलांविषयीच्या कितीतरी गोष्टी त्यालाही चित्रीकरणाच्या वेळीच पहिल्यांदा कळल्या. चार्ल्सही पुढे ‘रेजिंग बुल’ आणि ‘गुडफेलाज’मध्ये छोट्या भूमिकांत दिसले. ते १९९३ साली गेले, कॅथरीनबाई १९९७ साली.

२०२० साली क्रायटेरियन या चित्रपट प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीनं स्कॉर्सेसीचे सुरुवातीचे लघुपट एकत्र प्रसिद्ध केले, त्यात ‘इटालियनअमेरिकन’ही आहे. मिळाला तर जरूर पाहा, आणि श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नका. तिथे कॅथरीनबाईंच्या सॉसची आणि मीटबॉलची पाककृती पूर्ण दिलेली आहे.